काळ्या गाडीवरची रेघ

सुलतान बाजारातल्या एका स्टुडिओत मी अनेक वर्षे लग्नांचे फोटो काढत असे. नवरानवरी फोटो पाहून रुसतात, मोटारी रुसत नाहीत, म्हणून मी माणसे सोडून गाड्यांकडे वळलो, असे मी विचारणाऱ्यांना थट्टेने सांगतो. खरे कारण साधे आहे. लग्नाचे फोटो सगळेच काढू लागले. काळ्या मोटारीचा फोटो मात्र अजूनही सगळ्यांना जमत नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी ‘तुमच्या कामातल्या गमती लिहा’ असे सुचवले, तेव्हा मी दोनदा टाळले. गमती पुष्कळ आहेत. पण त्या लिहायला बसलो की मध्येच एक गोष्ट उभी राहते, जी गंमत नाही. ती वगळून बाकीचे लिहिले तर लिहिणे खोटे ठरेल. म्हणून दोन्ही लिहितो आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. पांढरी गाडी स्वतः दिसते. काळी, गडद निळी किंवा दाट हिरवी गाडी स्वतः दिसत नाही. तिच्यात आसपासचे जग दिसते. भर दिवसा काळ्या गाडीसमोर कॅमेरा धरा, म्हणजे दारावर विजेच्या तारा, समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे आणि फोटो काढणाऱ्याचे पोट, इतके सारे येते. जामबागच्या मराठी शाळेत शास्त्राच्या सरांनी फळ्यावर आरसा काढून दाखवला होता आणि किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो हे आमच्याकडून घोकून घेतले होते. माझे सारे पोट त्या एका आकृतीवर भरले.

म्हणून आम्ही रात्र निवडतो. रात्री जग विझलेले असते आणि आपण जेवढे उजळू तेवढेच गाडीत उमटते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र चालत नाही. तो सरळ जाऊन नंबरप्लेटवर आणि काचेवर आदळतो आणि सरळ परत येतो; मधली सारी गाडी काळोखात राहते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून दूर न्यावा लागतो. माझी पद्धत अशी की, गाडीच्या बाजूला दोन पाइपांवर आठ हात मांजरपाट ताणून बांधायचे आणि फ्लॅश गाडीवर न मारता त्या कापडावर मारायचा. कापड उजळते, त्याचे प्रतिबिंब गाडीवर पडते आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत प्रकाशाची एक लांब रेघ धावते. त्या रेघेने काळी गाडी अंधारातून बाहेर येते. कापड दोन बोटे इकडेतिकडे केले तरी रेघ जागा बदलते. एकेका गाडीसाठी मी तासभर कापडच हलवत असतो. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस धुणे वाळत घालतो आहे.

कपडे मीही काळेच घालतो, नाहीतर गाडीत माझेच भूत दिसते. एकदा शहराबाहेरच्या रिंग रोडलगत एका मोकळ्या जागेत मी काळा सदरा, काळी विजार, काळे मोजे अशा थाटात एका गाडीभोवती फिरत होतो आणि दर मिनिटाला लख्खकन उजेड पडत होता. गस्तीची जीप आली. हवालदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, ‘‘क्या कररे मियाँ? बिजली गिरा रहे क्या?’’ मी कॅमेरा दाखवला. त्याने पडद्यावरची गाडी पाहिली, मग शेजारी उभी असलेली गाडी पाहिली, आणि सोबत्याला म्हणाला, ‘‘ये फोटो में तो दुल्हन है, और खडी है सो इसकी सास दिखरी.’’ नंतर त्याने जीपसमोर उभे राहून स्वतःचाही एक फोटो काढवून घेतला.

बंजारा हिल्समधल्या एका सद्‌गृहस्थांची गडद निळी जुनी गाडी होती. तिच्या बॉनेटवर पौर्णिमेचा चंद्र उमटलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट. सलग तीन पौर्णिमांना ढग आले. चौथ्या वेळी मी त्यांना न सांगता बांबूला गोल पांढरा दिवा बांधून चंद्र केला. त्यांनी तो फोटो दिवाणखान्यात लावला आणि अजूनही पाहुण्यांना त्या रात्रीचे चांदणे वर्णन करून सांगतात. या लबाडीची मला कधी लाज वाटली नाही. त्यात कोणाचे काही गेले नाही, अशी मी मनाची समजूत घालत असे. आता वाटते, दिवा हलवला की सत्य हलते, आणि ते हलवताना आपले बोट चुरचुरत नाही, याची सवय मला तिथेच कुठेतरी लागली असावी.

आता ती दुसरी गोष्ट.

श्रीधर नावाचे एक गृहस्थ जुन्या गाड्यांची विक्री करतात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तेलुगू भाषक, बोलायला मोकळे. मला ‘अन्ना’ म्हणतात. त्यांच्या आवारातल्या गडद रंगाच्या गाड्यांचे फोटो मी काढत असे, आणि ते फोटो पाहून गिऱ्हाइके फोनवरच अर्धा सौदा ठरवून येत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक काळी गाडी आली. लहान कुटुंबाला पुरेल अशी, चार दारांची. दिवस मावळल्यावर मी कापड बांधले, फ्लॅश लावला, पहिला फोटो घेतला आणि पडद्यावर पाहिले.

डाव्या बाजूची रेघ पुढच्या चाकापासून निघून पुढचे दार, मग मागचे दार अशी दोरीसारखी सरळ धावत होती. मागच्या दाराच्या कडेला येताच ती थरथरली. तिथून मागच्या चाकाच्या कमानीवरून जाताना ती तीनदा वाकली आणि मग पुन्हा सरळ झाली. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच असतो. तिथे गाडीला मार बसलेला आहे, पत्रा ठोकून, पुट्टी भरून, वर रंग मारलेला आहे. साध्या डोळ्याला ते कळत नाही, दिवसाउजेडी तर नाहीच. पण प्रकाशाची सरळ रेघ त्यावरून गेली की पत्रा सगळे सांगून टाकतो.

मी गाडीजवळ गेलो, त्या जागेवरून हात फिरवला. हाताला काही लागले नाही. परत आलो. कापड हातभर वर उचलले आणि थोडे मागे नेले. रेघ दारावरून निसटून खिडक्यांच्या वर, छताच्या कडेला गेली. खालची बाजू मखमलीसारखी गर्द काळी झाली आणि छताची कमान झळाळून उठली. पहिल्यापेक्षा हा फोटो कितीतरी सुंदर होता. श्रीधर मागे उभे होते. ‘‘अन्ना, शोरूममधून आत्ता निघाली वाटते!’’ असे म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली.

मला कोणी लपवायला सांगितले नव्हते, हे मला इथे स्पष्ट लिहायचे आहे. श्रीधरांनी एका शब्दानेही सुचवले नाही. मी ते केले, कारण वाकडी रेघ माझ्या फोटोत नको होती. गाडीतला दोष मला माझ्या कामातला दोष वाटला आणि मी तो पुसला. त्या रात्री मी समाधानाने जेवलो आणि शांत झोपलो. पुढे कितीतरी दिवस मला सर्वांत जास्त बोचली ती हीच शांत झोप.

दसऱ्याच्या काही दिवस आधी एका बाईंचा फोन आला. मराठी, थोडी मराठवाड्याच्या वळणाची. त्या सुनंदा वाघमारे, सरकारी दवाखान्यात सिस्टर. वडिलांच्या काळात नांदेडकडून हैदराबादेत आलेले घर. बरकतपुऱ्यात, माझ्या घरापासून पाच गल्ल्यांवर राहणाऱ्या.

‘‘कदमदादा ना? श्रीधरभाऊंनी नंबर दिला तुमचा. आम्ही गाडी घेतली हो त्यांच्याकडून, काळी. तुमचा फोटो पाहूनच घेतली. आमची प्रज्ञा तर म्हणाली, मम्मी, बघायचं काय, बुक करून टाक.’’

काळ्या गाड्या अनेक असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

‘‘तर आम्हाला तसाच एक फोटो पाहिजे. आम्ही तिघी आणि गाडी. आमच्या घरातली पहिली गाडी आहे, दादा. शुक्रवारी गावाकडं चाललोत, भावानं घर बांधलं, घरभरणी आहे. त्याच्या आधी काढून द्या. मोठा करून भावाच्या घरात लावायचाय.’’

काचीगुड्याजवळच्या एका फंक्शन हॉलच्या गच्चीवर गाड्या लावायची मोठी जागा आहे. तिथला व्यवस्थापक ओळखीचा असल्याने मंगळवारी संध्याकाळी ती मला मोकळी मिळाली. मी कापड बांधून उभा होतो. उतारावरून काळी गाडी वर आली, वळली, तिची डावी बाजू माझ्या समोर आली, आणि मला ती ओळखायला नंबर पाहावा लागला नाही.

गाडी चालवत होती ती प्रज्ञा, सुनंदाताईंची मुलगी, एका आयटी कंपनीत कामाला. सुनंदाताई पुढे बसल्या होत्या. त्यांनी निळी जरीची साडी नेसली होती. मागच्या डाव्या दारातून त्यांच्या आई, कौसल्याबाई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत हळूहळू उतरल्या.

‘‘जय भीम, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लई उशीर नका लावू. मला आठ वाजता जेवण लागतं.’’

‘‘आजी, फोटोग्राफर आहेत ते, वेटर नाही,’’ प्रज्ञा म्हणाली.

‘‘वेटर बरा. तो विचारतो तरी, काय पाहिजे म्हणून.’’

मी हसलो आणि कामाला लागलो. पहिले फोटो समोरून घेतले. तिघी बॉनेटला टेकून उभ्या, मागे अंधार, कडांवर प्रकाश. चांगले आले. प्रज्ञाने पडद्यात डोकावून पाहिले. ‘‘काका, सुपर! मम्मी, बघ, तू किती बारीक दिसायलीस.’’ मला त्या क्षणी वाटले, एवढ्यावर भागेल. आता कापड गुंडाळावे.

पण सुनंदाताई म्हणाल्या, ‘‘आता एक या बाजूनं. आई तिच्या जागेवर बसेल, काच खाली घेऊ, आम्ही दोघी दाराजवळ उभ्या राहतो. तिची ती ठरलेली जागा आहे, दुसरीकडं बसतच नाही.’’

ती जागा मागची डावी होती. कौसल्याबाई पुन्हा आत बसल्या. दार लावताना मी सवयीने म्हटले, ‘‘मावशी, तो पट्टा मागे सरकवा, फोटोत लोंबतोय.’’

‘‘तो मेला येतच नाही बाहेर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चार बोटं आला की अडकतो. मला बरंच आहे. कोण गळ्याला फास लावून घेतो?’’

‘‘त्या साइडचा बेल्ट जाम आहे काका,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘दाखवायचाय. नंतर दाखवू. आजी तसंही लावत नाही.’’

मी कॅमेऱ्यामागे गेलो. कापड खालीच होते. फ्लॅश उडाला. पडद्यावर खिडकीत हसणाऱ्या कौसल्याबाई होत्या, आणि त्यांच्या हाताखालून धावणारी रेघ दाराच्या मागच्या कडेला येऊन तीनदा वाकली होती. बरोबर त्याच जागी, त्याच तीन वळणांनी.

मी कापडाकडे चालत गेलो. पाइप धरला आणि वर उचलू लागलो. मला काही ठरवावे लागले नाही. हात आपोआप उचलू लागला. अर्धा हात वर गेल्यावर मला कळले की मी काय करतो आहे. शुक्रवारी ही बाई याच जागेवर, पट्ट्याविना, सहा तास बसणार होती. रेघ जिथे वाकत होती, तिथेच पत्र्याच्या आत गाडीचा उभा खांब असतो, आणि तो पट्टा त्याच खांबात अडकलेला होता. आणि या शहरात या दोन गोष्टी एकत्र ठाऊक असलेला एकटा मी होतो.

मी पाइप खाली सोडला. ‘‘ताई,’’ मी म्हटले, ‘‘जरा इकडे या. पडद्यावर काही दाखवायचे आहे.’’

मी त्यांना रेघ दाखवली. सरळ कुठपर्यंत आहे, कुठे वाकते, त्याचा अर्थ काय, हे सांगितले. पट्टा न येण्याचे कारण तिथेच असू शकते हेही सांगितले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. एवढ्यावर मी थांबलो असतो, तर त्यांनी माझे आभार मानले असते. तो मोह मला झाला, हे कबूल करतो. मग मी उरलेले सांगितले. ही रेघ मी उन्हाळ्यातच पाहिली होती आणि तुम्ही पाहून गाडी घेतली त्या फोटोत ती दिसू नये म्हणून मीच प्रकाश हलवला होता.

खालच्या हॉलमधून भांडी लावल्याचे आवाज येत होते.

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’’ प्रज्ञाचा आवाज चढला. ‘‘आम्ही चार महिन्यांपासून आजीला इथं बसवतोय, आणि तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘पट्ट्याचे आत्ता कळले. मार बसल्याचे माहीत होते.’’

सुनंदाताई ओरडल्या नाहीत. त्यांनी पडद्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले, एखादा एक्स-रे पाहावा तसे. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या वॉर्डात पेशंटच्या अंगावर डाग दिसला, तर आम्ही दिवा जवळ नेतो, दादा. बाजूला नाही नेत.’’

मी फ्लॅश बंद केला.

‘‘ए, आधी मला खाली उतरवा,’’ गाडीतून कौसल्याबाई म्हणाल्या. ‘‘भांडण करायचं तर करा, पण मी बाहेर आल्यावर. मला ऐकू येईना नीट.’’

त्यांना उतरवले. त्यांनी काय झाले ते विचारून घेतले, काठीच्या टोकाने त्या जागेवर दोनदा टकटक केले आणि मला विचारले, ‘‘आता कोणाला दाखवायचं हे?’’

गफूरभाई हे नाव मी तिथेच सांगितले. काचीगुड्याच्या मागच्या बाजूला त्यांचे वर्कशॉप आहे. ठोकलेला पत्रा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा मला माहीत नाही. मी त्याच वेळी त्यांना फोन केला आणि सकाळी आठची वेळ मागून घेतली. मग श्रीधरांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, ‘‘अन्ना, मी तुम्हाला लपवा म्हणालो होतो का? मला तर तुमच्या फोटोवरूनच वाटलं, गाडी साफ आहे.’’ त्यांनाही मीच फसवले होते, हे मला त्या वाक्याने कळले. तोवर माझा हिशोब असा होता की दोषाचा निम्मा वाटा त्यांचा असेल.

सकाळी मी आठच्या आधीच पोहोचलो. माझी पत्नी निघताना म्हणाली होती, ‘‘बोलणी खायला इतक्या लवकर कशाला जाता?’’ पण ती सोबत आली. वाघमारे मायलेकी आल्या. कौसल्याबाई मात्र घरीच थांबल्या. श्रीधरही आले, हे मला अनपेक्षित होते.

गफूरभाईंनी आधी चुंबक फिरवले. ते सगळीकडे चिकटले आणि मागच्या कमानीवर घसरले. ‘‘पुट्टी है. अच्छी मोटी है,’’ ते म्हणाले. मग त्यांनी आतल्या बाजूचे प्लास्टिकचे आवरण काढायला घेतले. त्याचे कारण त्यांनी आम्हाला समजावले होते. वरचा पत्रा म्हणजे चमडी. तिला मार लागला तर गाडी कुरूप होते, पण धोका नसतो. आतला खांब म्हणजे हाड. तो मोडून पुन्हा जोडलेला असेल, तर पुढच्या वेळी धक्का बसल्यावर तो आतल्या माणसाला सांभाळणार नाही, आणि मग ही गाडी चालवू नका असेच त्यांना सांगावे लागले असते.

आवरण निघायला वीस मिनिटे लागली असतील. गफूरभाई बॅटरी घेऊन आत वाकले होते आणि आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. सुनंदाताई हाताची घडी घालून स्तब्ध उभ्या होत्या. घरातली पहिली गाडी, असे त्या फोनवर म्हणाल्या होत्या. मी लग्नांत, बारशांत, अंत्ययात्रांत माणसांचे चेहरे पाहिले आहेत. पण त्या वीस मिनिटांत मला त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.

‘‘घबराओ नक्को बाई,’’ आतून आवाज आला. ‘‘हड्डी सलामत है. एक जोड भी नहीं. मार चमडीपेच लगा.’’

प्रज्ञाने आईचा हात धरला. मी शेजारच्या टायरांच्या ढिगावर बसलो. श्रीधर म्हणाले, ‘‘बसा, अन्ना, बसा,’’ आणि स्वतःच पाणी घेऊन आले.

‘‘फिर बेल्ट कायको अटकरा?’’ प्रज्ञाने विचारले. हैदराबादेत जन्मलेली मुलगी. गफूरभाईंशी ती त्यांच्याच बोलीत बोलली.

गफूरभाईंनी तिला आत वाकायला लावले. पट्टा ज्या चकरीवर गुंडाळलेला असतो, तिच्या आत एक बारीक गोळी असते. गाडी एकदम कलली, की गोळी सरकते आणि चकरी पट्टा घट्ट धरते. ज्याने पत्रा ठोकला होता, त्याने चकरी वाकलेल्या पट्टीवर तशीच तिरकी बसवून टाकली होती. ‘‘ये बिचारी समझरी, गाडी उलट रही,’’ गफूरभाई म्हणाले. ‘‘चार महिने से समझरी. इस वास्ते पकडके बैठी है. इसकी गलती नहीं, बिठाने वाले की गलती.’’

नवी चकरी आणि सरळ पट्टी दुपारपर्यंत बसली. गफूरभाईंनी पट्टा हळू ओढून दाखवला, मग झटका देऊन दाखवला. हळू ओढला की येत होता, झटका दिला की धरत होता. सुनंदाताईंनी तो स्वतः दहा वेळा ओढून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘फोटोचं नंतर बघू, दादा. आता फोटो बघायचं मन नाही.’’ त्यात राग होता. तो असायलाच हवा होता. पण जाताना गाडीची काच खाली करून त्या थांबल्या. ‘‘सांगितलंत ते बरं केलं,’’ म्हणाल्या, आणि गेल्या.

ती दुपार आणि गुरुवारचा सारा दिवस मी जुन्या फोटोंच्या डिस्क काढून बसलो. रेघ हलवलेल्या गाड्या माझ्या मला आठवतात. आपले चांगले काम कोण विसरतो? आणखी तीन निघाल्या. दोन गाड्यांचे मालक सापडले, त्यांना फोन करून सांगितले. एकाने शिव्या घातल्या, दुसऱ्याने गाडी केव्हाच विकली होती. तिसरा सापडला नाही. तो अजूनही सापडलेला नाही, आणि याबाबत मला सुटल्यासारखे वाटत नाही.

आता मी कोणत्याही विक्रेत्याकडे गेलो की आधीच सांगतो: सुंदर फोटो हवे तेवढे काढीन, पण प्रत्येक बाजूचा एक फोटो रेघ खालून घेऊन काढीन आणि तोही जाहिरातीत लागेल. दोघांनी त्यानंतर मला बोलावणे बंद केले. श्रीधरांनी चालू ठेवले. ते म्हणतात, ‘‘गिऱ्हाईक आता कमी भांडतं, अन्ना. सगळं आधीच दिसतं.’’ वाकलेली रेघ सुंदर टिपण्याचीही एक कला आहे, हे मला या वयात शिकावे लागते आहे. अजून नीट जमत नाही.

त्या शुक्रवारी वाघमारे मायलेकी आणि कौसल्याबाई सकाळी सातला निघणार होत्या. कोणी मला तसे कळवले नव्हते. मंगळवारी गच्चीवर बोलण्यात आले तेवढेच. सकाळपासून माझे कशात लक्ष नव्हते. गफूरभाईंवर माझा पूर्ण विश्वास आहे, खांब सरळ आहे हे मी कानाने ऐकले होते, तरीही मी दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहत होतो. आता नांदेडच्या वाटेवरचे मेडचल गेले असेल. आता कामारेड्डी. आता जेवायला थांबल्या असतील. ‘‘फोन करा ना,’’ पत्नी म्हणाली. पण ज्या घराला आपण फसवले त्या घराला ‘पोहोचलात का’ असे विचारायचा अधिकार माझा नव्हता.

दीडच्या सुमारास मोबाईल वाजला. सुनंदाताईंच्या नंबरवरून आवाजाचा निरोप होता. आधी गलका ऐकू आला, वाजंत्री, कोणीतरी कोणाला तरी पाटावर बसा म्हणत होते. मग प्रज्ञाचा आवाज आला: ‘‘काका, रीच झालो. मम्मीनं सांगायला सांगितलं. आजीला बोलायचंय तुमच्याशी, घ्या.’’

थोडी खरखर झाली. कौसल्याबाईंना कोणत्या बाजूने बोलायचे ते कळत नसावे. मग एकदम जवळून, ठणठणीत आवाजात:

‘‘अहो फोटोवाले! सहा तास! सहा तास बांधून आणलं मला या पोरींनी. मुतायला सोडलं तेवढंच. जरा पुढं वाकले की तो पट्टा मागं ओढतो, जरा वाकले की ओढतो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं तो नीट करायला? आता परत जाताना तुम्ही या, आणि तुम्हीच बसा त्या जागेवर!’’

मी तो निरोप पत्नीला ऐकवला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा आम्ही दोघेही इतके हसत होतो की शेजारच्या घरातून कोणीतरी काय झाले म्हणून डोकावून पाहिले.